फ्रीमेसनच्या तीन डिग्र्या नेमकं काय शिकवतात?

प्रश्न थोडक्यात असा: "मी सोलापूरचा, वय 28, सिव्हिल इंजिनिअर. ऑफिसातले एक वरिष्ठ फ्रीमेसन आहेत, त्यांनी मला येतोस का म्हणून विचारलंय. तीन डिग्र्या असतात आणि प्रत्येकीत काही नैतिक शिकवण असते म्हणे. ती कोणती? कीर्तन-प्रवचनात मिळत नाही असं तिच्यात काय आहे? सासरे म्हणतात, हा सगळा गुप्त कारभार आहे, लांब राहा."

आधी एक घरगुती सूचना. सोलापुरात राहून बायकोला "मी लॉजवर जातोय" असं सांगू नका. एसटी स्टँडसमोर ज्याला लॉज म्हणतात त्याचा आणि आमच्या लॉजचा, म्हणजे फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या स्थानिक शाखेचा, काडीचा संबंध नाही, पण हे समजावून सांगेपर्यंत भाकरी गार होते. मी 2003 पासून मेसन आहे, धंदा बांधकाम कंत्राटाचा. माझं लॉज पुण्याच्या कॅम्पात. सभा संपून पंगत उठली की स्टेशनवर येऊन सिद्धेश्वर एक्स्प्रेसची वाट बघायची, ती मध्यरात्रीनंतर कधीतरी येते, आणि सकाळी सोलापुरात उतरून थेट साइटवर जायचं. इतकी वर्षं हे केलं ते कशासाठी, एवढंच मला सांगता येईल.

सासऱ्यांचं आधी बघू. उत्तरेत मेसनांच्या इमारतीला लोक जादूघर म्हणत. इराणात आणि उर्दूत तर 'फ्रीमेसन'वरून 'फरामोशखाना' असा शब्दच रुळला. आत गेलेला माणूस बाहेर आल्यावर सगळं विसरतो, असा त्याचा सूर. प्रत्यक्षात 1730 साली लंडनमध्ये सॅम्युअल प्रिचर्ड नावाच्या माणसाने तिन्ही डिग्र्यांचा विधी छापून बाजारात आणला होता. म्हणजे गुपित फुटून तीनशे वर्षं होत आली. मी सांगणार नाही त्या गोष्टी मोजक्या आहेत: ओळखीच्या खुणा, ठरलेले शब्द, हात मिळवायच्या पद्धती. त्या फार भयंकर आहेत असं नाही. सांगणार नाही असा शब्द दिलाय, म्हणून सांगत नाही. एखादी क्षुल्लक गोष्ट वीस वर्षं पोटात ठेवता येते का, याची ती तालीम आहे. माझ्या धंद्यात टेंडरचा आकडा दोन दिवस पोटात राहत नाही, तेव्हा तालीम वाया गेली असं म्हणवत नाही.

आता 'डिग्री'. शब्दामुळे घोटाळा होतो, कॉलेजसारखं काही वाटतं. तुम्ही साइटवर जाताच, तर असं बघा: बिगारी, गवंडी, मिस्त्री. इंग्लंड-स्कॉटलंडातल्या पाथरवटांच्या संघटनेत शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद असे दर्जे होते. पुढे दगडाला हात न लावणारे लोक या लॉजांत यायला लागले. 24 जून 1717 ला लंडनमधल्या चार लॉजांनी 'गूज अँड ग्रिडायरन' नावाच्या दारूच्या गुत्त्यात जमून पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची मध्यवर्ती संस्था, काढलं. तेव्हापासून हत्यारं तीच राहिली, बांधायचं काम मात्र बदललं. 1813 साली इंग्लंडातली दोन भांडणारी ग्रँड लॉजेस एक झाली तेव्हा त्यांनी लिहून ठेवलं की शुद्ध मेसनरी तीनच डिग्र्यांची, रॉयल आर्च नावाचा पुढचा विधी त्यातच धरून. तेहतीस डिग्र्यांबद्दल तुम्ही जे ऐकलंय ती वेगळी शाखा आहे. तिसाव्या डिग्रीचा माणूस तिसरीवाल्यापेक्षा दसपट शहाणा, असा हिशोब तिथे नसतो. आमचे काही बंधू, म्हणजे सहसभासद, मात्र तसा हिशोब ठेवतात, बिल्ले मोजतात. त्यांना हसून सोडून द्यायचं.

पहिली डिग्री शिकाऊची. माझ्या मते तिन्हींत भारी हीच, आणि सगळ्यात घाईने उरकली जाते तीही हीच.

आत नेण्याआधी तुमच्या अंगावरचा सगळा पैसा आणि सगळा धातू काढून घेतात. पाकीट, घड्याळ, अंगठी, किल्ल्या. मग उजवा हात बाहीतून मोकळा, डावा गुडघा उघडा, एका पायात सपाता, डोळ्यांवर पट्टी आणि गळ्यात दोर. माझ्या वेळी खोळंबा झाला. आम्ही लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, आणि ते चांदीच्या डबीत. ज्या बंधूंवर तयारी करून घ्यायची जबाबदारी होती, त्यांनी डबीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, हे निघणार नाही. ते म्हणाले, लिंग काढा असं मी म्हणतच नाही, धातू काढायचाय. मिनिटभर दोघंही गप्प. मग मीच डबी उघडली, लिंग माझ्या रुमालात गुंडाळून शिवदोऱ्याला बांधलं आणि डबी टेबलावर घड्याळाशेजारी ठेवली. आजोबांच्या वेळची डबी होती. आईने गळ्यात बांधली तेव्हापासून लिंग तिच्यातून असं काढून ठेवलेलं मला आठवत नव्हतं. पट्टी बांधून अंधारात उभा असताना छातीवर चांदीचं वजन नव्हतं आणि रुमालाची गाठ टोचत होती, एवढंच कळत होतं. देव आत आला आणि चांदी बाहेर राहिली, हे गाडीत बसल्यावर सुचलं. त्या वेळी फक्त अस्वस्थ वाटत होतं.

विधीच्या शेवटाकडे, डोळे उघडल्यावर, तुम्हाला खोलीच्या ईशान्य कोपऱ्यात उभं करतात. पायाचा पहिला दगड ईशान्येला बसवायची त्यांची रीत. आपणही पायाभरणीची पूजा ईशान्येलाच करतो, त्यामुळे मला ते लगेच पटलं. तिथे दानधर्मावर दोन शब्द सांगतात आणि मग सगळ्यांदेखत विचारतात: गरजूंसाठी तुम्ही काय देता? माझा हात आपोआप खिशाकडे गेला. मी गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजापुढे नोट काढणारा माणूस, चारचौघांत हात आखडता घेणं माहीत नाही. खिसा रिकामा. तोंडातून "माझ्याकडे आत्ता काहीच नाही" एवढं जेमतेम निघालं. मग सांगतात: तुमची फजिती करायची नव्हती. तुम्ही आत आलात तेव्हा निर्धन होतात हे लक्षात ठेवा, आणि असा निर्धन माणूस उद्या तुमच्यापुढे उभा राहिला की या क्षणाची आठवण ठेवा.

हे आधी वाचल्यामुळे तुमची गंमत थोडी कमी होईल. शरम कमी होणार नाही, कारण ती कानाला होत नाही, खिशात गेलेल्या हाताला होते. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. दानाचं महत्त्व मी लहानपणापासून किमान शंभर वेळा ऐकलं होतं. प्रत्येक वेळी मी देणाऱ्याच्या जागी बसून ऐकलं. न देऊ शकणाऱ्याच्या जागी मला कुणी उभं केलं नव्हतं.

तेवढ्याने मी सुधारलो असं मात्र समजू नका. दोनेक महिन्यांत एका शनिवारी, मजुरीवाटपाच्या दिवशी, एका बिगाऱ्याने उचल मागितली, पोराच्या औषधाला. मी म्हटलं, "आज खिशात नाही रे." खिशात होते. तो गेला, आणि मग कानात वाजलं की हेच वाक्य मी पुण्यात बोललो होतो. तिथे ते खरं होतं. रात्री माणूस पाठवून पैसे पोचते केले, पण ती गोष्ट पुसली गेली नाही.

याच डिग्रीत तीन हत्यारं हातात देतात: चोवीस इंची पट्टी, हातोडी, छिन्नी. पट्टी म्हणजे दिवसाचे चोवीस तास. काही देवाचे, काही कामाचे आणि विसाव्याचे, काही अडल्यानडल्या मित्राचे, पण स्वतःला आणि घरच्यांना तोशीस न लावता. आमची ही म्हणते, शेवटची अट तुम्हाला पाठ आहे, ध्यानात नाही. हातोडी आणि छिन्नी ओबडधोबड दगड घडवायला. लॉजमध्ये खरोखरच दोन दगड ठेवलेले असतात, एक खाणीतून काढलेला तसाच आणि एक घडीव. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण तुम्हाला आठवली असेल. मलाही आठवली होती. पण म्हणीतला दगड सोसतो आणि घाव दुसराच कुणीतरी घालतो. इथे हातोडी दगडाच्याच हातात देतात. दोन्हींत फरक फार मोठा आहे. सोसण्याचं श्रेय घेणं सोपं असतं, नेमका कुठला कोपरा उडवायचा हे स्वतः ठरवणं कठीण.

दुसरी डिग्री कारागिराची. खुद्द मेसन लोक हिला कंटाळवाणी म्हणतात. नागमोडी जिना आहे, तीन, पाच, सात पायऱ्यांचा. पाच म्हणजे वास्तुकलेच्या पाच शैली, सात म्हणजे व्याकरणापासून खगोलापर्यंतच्या सात विद्या. सार एवढंच की चांगलं असणं पुरत नाही, अभ्यासही करावा लागतो. इंजिनिअरला हे वेगळं सांगायला नको.

पण या डिग्रीची हत्यारं आपल्या दोघांच्या ओळखीची: गुण्या, पाणसळ, ओळंबा. गुण्या म्हणजे वागण्यात काटकोन. पाणसळ म्हणजे समानता, ओळंबा म्हणजे सरळपणा. हे ऐकताना मला हसू आलं होतं. एक सेशन्स जज आणि एक दंतवैद्य मला गंभीर चेहऱ्याने ओळंबा म्हणजे काय ते समजावून सांगत होते. आमच्याकडे विधी इंग्रजीत चालतो, तोही दोनशे वर्षांपूर्वीच्या. त्यातला तो भाग मी घोकून पाठ केला आणि पुढच्या सभेत न अडखळता म्हणून दाखवला. टाळ्या वाजवत नाहीत, पण पंगतीत कौतुक झालं.

त्याच महिन्यात एका बंगल्याच्या कामावर, पहिल्या मजल्याची भिंत वर आली तेव्हा मिस्त्रीने मला बोलावलं. ओळंबा लावून दाखवला. वरती लाकडी ठोकळा भिंतीला टेकवलेला, खाली दोरीला वजन. ठोकळा आणि वजन एकाच जाडीचे, त्यामुळे भिंत सरळ असेल तर वजन भिंतीला जेमतेम शिवतं. इथे ते चांगलं लांब लटकत होतं. दहा फुटांत पाऊण इंचाहून जास्त भिंत आत कललेली. स्लॅबची तारीख ठरलेली, सेंट्रिंगवाला दारात उभा. मी म्हटलं, प्लास्टरमध्ये काढून घेऊ. मिस्त्री दोरी गुंडाळत म्हणाला, "प्लास्टर मालकाच्या डोळ्याला हाय की ओ साहेब. भितीला काय सांगणार?" मी ऐकलं नाही. खाली जाड थर देऊन भिंत दिसायला सरळ केली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तो थर पोकळ वाजायला लागला, आणि एक दिवस जिन्याजवळ परातीएवढा तुकडा खाली आला. कुणाला लागला नाही. मालक सज्जन, काही बोलले नाहीत. मी पदरच्या पैशाने सगळं खरवडून पुन्हा केलं. खरवडताना मिस्त्री तोच होता, तोही काही बोलला नाही.

म्हणजे ओळंब्याचा अर्थ तोंडपाठ असलेल्या माणसाने, खरा ओळंबा समोर लटकत असताना, त्याच्याकडे पाठ फिरवली. डिग्री मिळणं आणि शिकवण लागणं यांत किती अंतर असतं, हे मी त्यानंतर मोजणं सोडून दिलं. लॉज तुम्हाला सरळ करत नाही. फक्त वाकलात की कळेल असं एक वजन दोरीला बांधून देतं. बघायचं की नाही ते तुमच्यावर.

पाणसळीचंही खरं सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी जाहिरात करतोय. लॉजमध्ये सगळे एका पातळीवर, राजा आणि रंक शेजारी, हे आम्ही अभिमानाने म्हणतो. भारतात ती पातळी बराच काळ भलतीच कलती होती. मुंबईतले माणेकजी कर्सेटजी हे पारशी गृहस्थ. इथल्या गोऱ्या लॉजांनी घेतलं नाही म्हणून त्यांना पॅरिसला जाऊन मेसन व्हावं लागलं, आणि परत आल्यावरही दारं बंदच. शेवटी जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरने 1843 साली 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज काढलं, ज्यात भारतीयांना प्रवेश मिळाला. बंगालात प्रसन्नकुमार दत्त यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. हिंदू अनेक देव मानतात, मग त्यांची शपथ कशी धरायची, असा आक्षेप. 1872 मध्ये ते आत आले. त्यानंतर बारा वर्षांनी, 1884 मध्ये, कलकत्त्याच्या 'अँकर अँड होप' लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण दाखल झाला, तेच पुढचे स्वामी विवेकानंद. 24 नोव्हेंबर 1961 ला ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झालं, तेव्हापासून कारभार आपल्याच हाती. आज आमच्या वेदीवर गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब, अवेस्ता शेजारी-शेजारी उघडे असतात, आणि ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची. ईश्वराला 'विश्वाचा महान शिल्पकार' म्हणायचं, त्याचं नाव ज्याचं त्याने ठरवायचं. धर्मावर आणि राजकारणावर वाद लॉजमध्ये चालत नाही. महापालिकेच्या निवडणुकीत सोलापूरकराला ही बंदी किती मोलाची वाटते, ते तुम्हाला माहीत आहेच.

तरी एक कोपरा अजून कलताच आहे. माझी मुलगी म्हणते, "पातळीच्या गोष्टी करता आणि निम्मं जग दाराबाहेर उभं करता." आमच्या ग्रँड लॉजमध्ये फक्त पुरुष. बायकांना घेणारी वेगळी शाखा आहे, अॅनी बेझंट 1902 पासून त्या शाखेत होत्या. मुख्य प्रवाह ती मानत नाही. मुलीला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही.

तिसरी डिग्री उस्तादाची, आणि तिच्यात नाटक आहे. बायबलमधल्या सॉलोमन राजाच्या मंदिराचा मुख्य कारागीर हिराम. तीन कारागिरांना उस्तादाचं गुपित वेळेआधी, फुकटात हवं असतं. ते मंदिराच्या तीन दारांवर त्याला अडवतात. तो सांगत नाही, ते त्याला मारतात. बायबलमध्ये टायर या शहरातून आलेला हिराम नावाचा कारागीर आहे, पण हा खून नाही, तो मेसनांनी रचलेला. उमेदवार स्वतःच हिराम होतो. त्याच्यावरच तो प्रसंग गुदरतो आणि त्यालाच मृत्यूतून उठवून उभं करतात. शिकवण उघड आहे: मरण येणार, आणि दिलेला शब्द त्याहून मोठा.

एवढंच असतं तर मी हिला फार मोठी म्हटलं नसतं. शब्दासाठी मरणाऱ्यांच्या गोष्टी सोलापूरला नव्या नाहीत, चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. मला अडकवलं ते एका बारीक तपशिलाने. आमच्या पद्धतीच्या विधीत हिरामवर जे घाव पडतात ते तलवारीचे नसतात. पहिला ओळंब्याचा, दुसरा पाणसळीचा, तिसरा जड मोगरीचा. त्यातली पहिली दोन म्हणजे मागच्या डिग्रीत ज्यांची थोरवी गायली, तीच हत्यारं. याचा अर्थ मला कुणी समजावून दिला नाही, विधीतही दिलेला नाही. मी माझ्यापुरता लावलाय. प्लास्टरच्या प्रकरणानंतर मी फार सरळ झालो होतो. इतका, की दुसऱ्याची प्रत्येक भिंत मापायला लागलो. भागीदाराची, भावाची, लॉजमधल्या बंधूंची. सरळपणाने माणूस मारता येतो, आणि मारणाऱ्याला आपण काही वाईट करतोय असं वाटतसुद्धा नाही.

या डिग्रीत बंधुत्वाची पाच कलमंही सांगतात. त्यातलं पाचवं असं की बंधूच्या पाठीमागेही त्याची बाजू राखावी, समोर असताना राखाल तशीच. एकदा अक्कलकोट रोडवरच्या एका मंगल कार्यालयात पंगतीला बसलो होतो. शेजारचे व्यापारी एका मोठ्या गोदामाचं काम देणार होते. बोलता बोलता त्यांनी दुसऱ्या एका कंत्राटदाराचं नाव घेतलं आणि म्हणाले, "तो सिमेंट मारतो म्हणे." तो माणूस माझ्याच लॉजचा. सिमेंट मारत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. मी शेंगाचटणी वाढून घेतली आणि गप्प बसलो. खोटं एक अक्षर बोललो नाही. काम मला मिळालं. तो बंधू अजून भेटतो, मिठी मारतो, त्याला काही माहीत नाही. तिसऱ्या डिग्रीबद्दल मला कुणी विचारलं की विधीतल्या कवटी आणि शवपेटीच्या आधी ती चटणी आठवते.

तिसरीचा शेवटही विचित्र आहे. हिरामबरोबर खरं गुपित गेलं, म्हणून आपण बदली शब्दावर भागवतोय, असं सांगून मोकळे होतात. इतक्या पायऱ्या चढून आलेल्या माणसाला वाटत असतं, आता पेटी उघडणार. पेटी रिकामी. पहिल्यांदा मला फसवल्यासारखं झालं. आता वाटतं, तीन डिग्र्यांत सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच असावं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, कीर्तन-प्रवचनात नाही असं काय. शिकवणीत काहीच नवं नाही. दान, संयम, सरळपणा, शब्द, मरण. पायऱ्यासुद्धा आपल्याला नव्या नाहीत. आमच्या घरी आजी षट्स्थलं म्हणायची: भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण, ऐक्य. सहा पायऱ्या, आणि कायक, म्हणजे श्रम, हाच कैलास. आणि दगडाचं म्हणाल तर सिद्धरामेश्वरांचीच कथा घ्या. बाराव्या शतकातलं सोन्नलिगे, म्हणजे आपलं सोलापूर. सिद्धराम तळं खोदतायत, देवळं बांधतायत, हजारो हात कामाला. संत अल्लमप्रभू येतात आणि विचारतात, कुठे आहे तुमचा तो ओड्ड राम, म्हणजे दगडमातीचं काम करणारा वडार राम? कामकरी चिडून दगड घेऊन धावतात. अल्लमांचं म्हणणं एवढंच होतं की बाहेर पुष्कळ बांधलंस, आत काय बांधलंस? दगडाचं काम सोडून माणसाचं काम धरायचं, हे लंडनच्या त्या गुत्त्यात ठरण्याआधी साडेपाचशे वर्षं तळ्याच्या काठावर बोललं गेलं होतं. पुण्याला जायची गरज नव्हती, हे मी कबूल करतो.

मी गेलो, कारण मला ऐकून काही लागत नाही. ऐकताना मी बुवांचा आवाज कसा आहे ते बघतो. लॉजमध्ये बघ्यांना जागाच नाही. पट्टी तुमच्या डोळ्यांवर असते, दोर तुमच्या गळ्यात, आणि रिकामा खिसा तुमचाच. दुसरं म्हणजे तोच विधी पुढे दर नव्या उमेदवारासाठी पुन्हा होतो आणि तेव्हा तुम्ही बाकावर बसून तो बघता. माझ्यावर जेमतेम अकरा महिन्यांत तिन्ही झाल्या, त्यात विशेष काही नाही. त्यानंतर ईशान्य कोपऱ्यात उभे राहिलेले किती जण पाहिले मोजले नाहीत, पण प्रत्येकाचा हात खिशाकडे जातो, आणि दर वेळी मला तो शनिवार आठवतो. ज्याला कीर्तनाने हे होतं, त्याने हुरडा सोडून पुण्याची रात्रीची गाडी पकडायची काही गरज नाही. हे उपरोधाने म्हणत नाही. माझ्या वडिलांना होत असे.

जायचं ठरवलंत तर काही व्यवहाराच्या गोष्टी. वय 21 पूर्ण हवं, ते आहे. ईश्वरावर विश्वास हवा, कुठला ईश्वर ते विचारत नाहीत. प्रवेशाची फी आणि दरवर्षीची वर्गणी किती, हे वरिष्ठांना स्पष्ट विचारा, लाजू नका. शिवाय पंगत आणि प्रवासाचा खर्च वेगळा. घरी विचारून घ्या, कारण चौकशीला येणारे बंधू बायकोशीही बोलतात आणि तिच्या चेहऱ्यावरून बरंच ओळखतात. मतदान गोळ्यांनी होतं, पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही, कुणी टाकली ते कळत नाही. नकार आला तर मनाला लावून घेऊ नका.

आणि एक गोष्ट खरोखर तपासा. आत जाताना तुमच्याकडून वदवून घेतात की मी कुठल्याही लाभाच्या आशेने आलेलो नाही. ते वरिष्ठ तुमचं प्रमोशन लिहिणारे असतील, तर हे वाक्य तुम्हाला खरेपणाने म्हणता येईल का? येत नसेल तर आत्ता थांबा, बदली झाल्यावर किंवा ते निवृत्त झाल्यावर अर्ज करा. लॉज कुठे पळून जात नाही.

त्या दिवशी सैल पायजमा आणि चटकन निघतील असे बूट घाला. घड्याळ, अंगठी शक्यतो घरीच ठेवा. आमचे एक बंधू लग्नातली अंगठी तयारीच्या खोलीत विसरले आणि गाडी दौंडला पोचल्यावर त्यांना आठवलं. उरलेली रात्र त्यांनी फलाटावर काढली, पहाटेच्या गाडीने उलटे पुण्याला गेले, आणि दुपारी घरी आल्यावर काय सांगायचं हे आम्हाला सगळ्यांना फोन करून विचारत बसले.